सीटमागचं पुडकं

ही हकिगत मी सात वर्षं टाळली. कोणी विचारलं, "तुमच्या मेहुण्याची ती अमेरिकेची गाडी आली होती ना, तिचं पुढे काय झालं?" की मी "गेली परत" म्हणायचो आणि विषय विचारणाऱ्याच्या गुडघेदुखीकडे वळवायचो. गुडघे हा फार उपयोगी अवयव आहे. साठीपुढचा माणूस एकदा गुडघ्यांवर बोलायला लागला की त्याला गाडीबिडी काही आठवत नाही.

गाडी परत गेली, हे खोटं नाही. पण ती एकटी गेली नाही. तिच्यातून एक पुडकं गेलं. ते पुडकं कोणी ठेवलं याबद्दल आमच्या नंदाखाल गावापासून अमेरिकेपर्यंत आमच्या सगळ्या नातेवाइकांचं एकमत आहे. आमच्या नातेवाइकांचं दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि नेमकं हेच चुकीचं आहे.

आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो. ती बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहितो. भांडणातली मजा त्यात थोडी कमी होते, त्याला इलाज नाही.

मी अडतीस वर्षं एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कारकून होतो. जहाजातून माल उतरला की त्याचे कागद कस्टममधून सोडवून आणायचे, हे माझं काम. यंत्रं सोडवली, औषधं सोडवली, एकदा एका सर्कशीचे घोडे सोडवले. त्यामुळे गावात माझा असा लौकिक होता की बंदरातून काही आणायचं तर मला विचारावं, आणि तो लौकिक मी स्वतःच बऱ्यापैकी पसरवला होता.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, त्यामुळे नात्याने मेहुणा झाला तरी बोलणं अरे-तुरेचंच राहिलं. तरुणपणी तो जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला, मग अमेरिकेत उतरला आणि तिथेच एका गॅरेजमध्ये रमला. बायको मात्र त्याने गावातलीच केली होती, आमच्या वाडीपासून चार घरं सोडून राहणारी. ती शिवणकाम करायची. तिकडे गेली तेव्हा बाकी काही नेलं नाही, शिलाई मशिनचं मुंडकं तेवढं मांडीवर घेऊन गेली.

तर या मेहुण्याला तिकडे कोणाच्या तरी गोठ्यात एक जुनी स्पोर्ट्स कार सापडली. आमच्या तरुणपणातली, दोनच माणसांची, नाक लांबच लांब. सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. त्याने ती घरी आणली आणि सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं काम करत सोळा वर्षांत उभी केली. इंजिन त्याने बांधलं, रंग त्याने मारला, गडद निळा. सीटं मात्र त्याच्या बायकोने शिवली. काळं चामडं, कडेने पांढरी टीप. तिकडचा दोरा तिला पटायचा नाही, म्हणून माझ्या बायकोने इथून पांढऱ्या दोऱ्याची रिळं पाठवली. नणंद-भावजयीचा फोन सुरू झाला की सुरुवात व्हायची ती "दोरा पुरला का गो?" इथून. शेवटचं रीळ जरा पिवळसर निघालं. त्यामुळे उजव्या सीटची एक वीतभर टीप बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसायची. मेहुणा म्हणायचा, उसवून परत घाल. ती म्हणायची, राहू दे, ती माझ्या नणंदेची सही आहे.

या गाडीत बसून एकदा गावच्या सणाला चर्चला जायचं, अशी तिची इच्छा होती. गाडी पूर्ण झाली आणि वर्षाच्या आत ती देवाघरी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी मेहुण्याचा मला फोन आला. "गाडी गावाला आणायची आहे. तू आणून देशील?"

मी हसलो. "एवढी जुनी गाडी, तीही डाव्या स्टिअरिंगची, आणून इथे कायमची ठेवू देत नाहीत बाबा."

"कायमची नको. सणापुरती."

आता गंमत अशी की सणापुरती आणता येते. परदेशात राहणारा माणूस आपली गाडी सहा महिन्यांसाठी पाहुणी म्हणून आणू शकतो. गाडीचा एक पासपोर्ट काढायचा, त्याला कारनेट म्हणतात. येताना त्यावर शिक्का, जाताना त्यावर शिक्का. सहा महिन्यांत गाडी गेलीच पाहिजे. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारी झोप यायची नाही आणि सकाळी पेपर लवकर संपायचा. "आण," मी म्हणालो. "बाकीचं माझ्यावर सोड."

हे "माझ्यावर सोड" मी नंतर पुष्कळदा आठवलं.

गाडी कंटेनरमधून न्हावा-शेव्याला उतरली, सुटली, ट्रकवर चढली आणि सगळे महामार्ग बिनतक्रार पार करून आमच्या गावात येऊन अडकली. वाड्यांमधल्या गल्लीत ट्रक वळेना. शेवटी गाडी चर्चच्या मैदानात उतरवली. मेहुणा आत बसला आणि त्याने इंजिन सुरू केलं. तो आवाज ऐकून शेजारच्या वाडीतल्या बाई दोन्ही हात कानावर ठेवून बाहेर आल्या. त्यांना वाटलं, मोटरपंप फुटला.

खरी अडचण स्पीडब्रेकरची होती. गाडीचं पोट जमिनीला लागेल इतकं खाली, आणि आमच्याकडे प्रत्येकाने आपल्या दारापुढे हौसेने एकेक स्पीडब्रेकर करून घेतलेला. फळ्या लावून पाहिल्या, त्या मोडल्या. मग आम्ही आमची अक्कल वापरली. केळीचे खुंट उभे चिरले आणि स्पीडब्रेकरच्या दोन्ही बाजूंना पसरले. चाक आलं की खुंट दबतो आणि गाडी म्हशीसारखी हळूच चढून हळूच उतरते. चर्चपासून घरापर्यंत चालत सात मिनिटं लागतात. आम्हाला पाऊण तास लागला, आणि मागून निम्मं गाव खुंट उचलून पुढे नेत होतं. मेहुणा काच खाली करून म्हणाला, "सोळा वर्षं मी हिला ताशी शंभर मैलांसाठी तयार केली रे." माझी बायको बाहेरून म्हणाली, "बोलू नकोस, खुंट बघ."

सणाच्या दिवशी मेहुण्याने बहिणीला शेजारी बसवलं. तिने बसताना आधी हात फिरवून ती पिवळसर टीप शोधली आणि मग त्यावर पदर सारखा करून बसली. चर्चपुढे फादरांनी गाडीवर तीर्थ शिंपडलं. गाडी नुसती निळी पेटी नव्हती, तिच्यात आणखी कोणी बसलेलं आहे हे त्या दिवशी आम्हा तिघांनाही कळत होतं. माझी बायको उतरताना एवढंच म्हणाली, "आली बाई एकदाची सणाला."

पुढचे दिवस मजेत गेले. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या उजव्या बाजूला मी. एकदा आचोळ्याच्या नाक्यावर मी आरामात उकडलेल्या शेंगा सोलत बसलो होतो. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने मला पाहिलं, माझ्या हातातल्या शेंगा पाहिल्या आणि रिक्षा थेट पानाच्या टपरीला लावली. पुढे उभ्या असलेल्या हवालदाराने वाकून विचारलं, "आजोबा, स्टिअरिंग कुठाय?"

"घरी राहिलं," मी म्हणालो.

पलीकडून मेहुण्याने हात वर करून आपलं स्टिअरिंग दाखवलं, तेव्हा तो बिचारा हसला आणि मग त्यानेही गाडीबरोबर फोटो काढून घेतला.

अर्नाळ्याला गेलो तो दिवस मात्र मला नीट सांगायला हवा. किनाऱ्याजवळ गाडी उभी केली. बांबूंवर बोंबील वाळत होते. तिथे सुकी मासळी विकणारी एक म्हातारी गाडीला चक्कर मारून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढी लांब न् मानसं दोनच? पुढं काय भरलाय?"

"इंजिन," मेहुणा म्हणाला.

"न् मागं?"

"मागे काही नाही. डिकी नाही हिला."

"मंग मासली कुठं ठेवायची? पान्यातून आणायची न् डोक्यावर न्यायची?"

मेहुण्याला हा प्रश्न लागला. गाडीला कोणी नावं ठेवली की त्याला लागायचंच. त्याने दार उघडलं, सीट पुढे ओढली, मागचा गालिचा उचलला आणि खालचं एक झाकण उघडलं. आत टोपलीभर मावेल एवढा खळगा होता. "ही बघ मावशी, तुझी मासळी इथे."

मावशीने वाकून पाहिलं. "बरी हाय," ती म्हणाली. "मांजराला गावायची नाय."

मी पण वाकून पाहिलं. वाकलो नसतो तर बरं झालं असतं.

परतीचे दिवस आले. मेहुणा विमानाने आधी जाणार होता, गाडी मी मागून जहाजावर चढवणार होतो. आता आमच्याकडची पद्धत अशी आहे की दारात आलेलं वाहन रिकामं परत पाठवत नाहीत. पोस्टमनच्या सायकलला केळ्यांची फणी लटकते. गॅसवाल्याच्या टेम्पोत दोन शहाळी जातात. एकदा रुग्णवाहिका आली होती, तिच्या ड्रायव्हरलाही सासूबाईंनी सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, दिली होती. तेव्हा एवढी मोठी गाडी समुद्रापार जाणार म्हटल्यावर बायकोने जेवणाच्या टेबलावर मांडामांड सुरू केली. सुकेळी, मसाला, लोणचं, आणि सुके बोंबील.

"हे काय?" मी विचारलं.

"गाडी रिकामीच जाणार?"

मग मी भाषण केलं. मेहुणा होता, बायकोची धाकटी बहीण होती, शेजारी होते. सगळ्यांसमोर सांगितलं की अमेरिकेत खाण्याच्या वस्तूंबाबत किती कडक तपासणी असते, गाडी रिकामी आहे असं लेखी द्यावं लागतं, आणि अडतीस वर्षांत मी कशी कशी माणसं अडकलेली पाहिली. "बडीशेपेचा एक दाणा नाही जाणार," मी म्हणालो आणि टेबलावर बोट आपटलं.

"तुमचं कस्टम तुमच्यापाशी," ती म्हणाली. पण तिने सगळं उचललं आणि कपाटात ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितो. तिने सगळं कपाटात ठेवलं.

मेहुणा निघाला त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. तिने बोंबील भाजले होते, कांदा घालून. त्याने ताट अगदी पुसून खाल्लं आणि म्हणाला, "ती होती तेव्हा खिडक्या बंद करून भाजायची. तरी शेजारी यायचा विचारायला, काही जळतंय का. ती सांगायची, जळत नाही, आम्ही जेवतोय." आम्ही हसलो. तोही हसला. मग म्हणाला, "आता घरात तो वास यायचा नाही." आणि हात धुवायला उठला.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तो गेला, पण वाक्य गेलं नाही. आणि त्या वाक्याशेजारी, मी कबूल करतो, दुसरंही काही बसलं होतं. तो खळगा. तपासणारे कुठे बघतात हे मला ठाऊक होतं, म्हणजे कुठे बघत नाहीत हेही ठाऊक होतं. म्हाताऱ्या कारकुनाला शेवटची एकदा आपली करामत दाखवायची होती. गाडी पोचली की फोन करायचा आणि म्हणायचं, "सीट पुढे ओढ, झाकण उघड." त्याचा आवाज कसा होईल, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

मी एकटा अर्नाळ्याला गेलो, त्याच मावशीकडून बोंबील घेतले. घरी कपाटातून एक जुना उशीचा अभ्रा काढला. त्याच्या कोपऱ्यात बायकोने भरलेलं निळं फूल होतं. बोंबील प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक अभ्र्यात, आणि वर सुतळी. डॉकवर नमुन्याच्या पिशव्यांना आम्ही एक गाठ मारायचो, दोन वेढे आणि वरून उलटा फास. ती सुटत नाही, कापावीच लागते. ती मारली.

त्याआधी सकाळी मी गाडी धुतली होती. चाकांना परमुलखाची माती असेल तर अमेरिकेत गाडी घेत नाहीत, हा नियम मी सगळ्यांना ऐकवला होता. म्हणून वाडीच्या पंपाचा पाइप लावून मी ती खालून, वरून, चहूबाजूंनी धुतली. तिचं छप्पर दोन तुकड्यांचं, काढता येणारं. सांध्यांचं रबर जुनं. पाणी आत झिरपलं. सीटं मी पुसली, गालिचा पुसला. झाकणाखालच्या खळग्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. पुडकं मी वरूनच आत सोडलं आणि झाकण लावलं.

कंटेनर भरताना तपासणाऱ्याने गाडी नीट पाहिली. पण गालिच्याखाली झाकण आहे हे त्याला कसं कळावं? मलाही एका म्हातारीच्या टोमण्यामुळे कळलं होतं. दार बंद झालं, सील लागलं. कारनेटवर शिक्का घेऊन मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "बघ, याला म्हणतात काम."

सुके बोंबील, त्यांना गोडं पाणी, वर बंद लोखंडी पेटी आणि सहा आठवड्यांचा समुद्र. स्वयंपाक येणाऱ्याला पुढचं सांगायला नको.

फोन सकाळी आला, आम्ही चहा-पाव घेत होतो. बायकोने स्पीकर लावला. मेहुणा ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. तिकडच्या बंदरावर कंटेनर उघडला तेव्हा दार उघडणारा माणूस दोन पावलं मागे सरकला म्हणे. झाकणाखाली पुडकं सापडलं. प्लॅस्टिक फुटलेलं, किडे पडलेले, ते गालिच्यात आणि सीटांत गेलेले. गाडीला त्यांनी औषधाचा धूर दिला. गालिचा आणि दोन्ही सीटं काढून जाळायला लावली.

"दोन्ही?" बायकोने विचारलं.

"दोन्ही." मग तो म्हणाला, "तू ठेवलंस ना?"

"मी? नाही रे. मी सगळं कपाटात..."

"तुझा अभ्रा आहे. फोटो पाठवलाय बघ. निळं फूल."

तिने फोटो उघडला. चष्मा पुसला आणि परत पाहिला. "फूल माझं आहे," ती हळूच म्हणाली. "पण गाठ माझी नाही."

"आयुष्यभर लोकांच्या पिशव्या भरत आलीस," मेहुणा म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं का? त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तुझ्या भावजयीची एवढीच वस्तू राहिली होती गो माझ्याकडे."

ती माझ्याकडे पाहू लागली. आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. मी तिच्याकडून बोलेन, अशी तिची खात्री होती. आणि मी पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणालो, "विसरली असशील. वय झालं आता."

एवढी दोनच वाक्यं. कारकुनी जन्मात मी हजारो कागद लिहिले, त्यात एवढा खोटा एकही नव्हता.

मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर माझ्या तोंडून निघालं असतं. पण ती विचारात पडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अभ्रा कपाटात नाही." चार दिवसांनी म्हणाली, "कदाचित मीच ठेवलं असेल." मग तिने एक वही केली, केलेलं प्रत्येक काम लिहून ठेवायला. गॅस बंद केला. मागचं दार लावलं. मिठाच्या बरणीचं झाकण लावलं. शेजारच्या बाई चेष्टा करायच्या, "काय हो, श्वास घेतल्याचं लिहिलं का?" तीही हसायची. पण वही सोडायची नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती कुमसाराला गेली, म्हणजे फादरांकडे आपली पापं कबूल करायला. परत आली तेव्हा चेहरा हलका होता. "फादरांना सांगून आले," ती म्हणाली, "की बोंबील मीच ठेवले. आठवत नाही, पण ठेवले."

"काय म्हणाले?"

"एक रोझरी म्हणा, आणि भावाला पत्र लिहा."

पुढच्या शनिवारी मीही जाऊन गुडघे टेकले. जाळीपलीकडे तेच फादर. मी पुडकं, पाणी, गाठ, सगळं सांगितलं. कुमसारात ऐकलेलं एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही. बिचाऱ्यांकडे एकाच पुडक्याचे दोन गुन्हेगार जमा झाले होते, आणि त्यांना धड हसताही येईना. शेवटी ते खोकले आणि म्हणाले, "देव माफ करील. पण त्याच्याआधी ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा. आज. जेवताना."

मी हो म्हणालो. घरी आलो. जेवायला बसलो तर ताटात बोंबील. एवढ्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच केले होते. "फादर म्हणाले ना, झालं गेलं संपलं," ती म्हणाली. "खा." मी खाल्ले. तोंड भरलेलं होतं, ही सबब तेव्हा मला पुरेशी वाटली.

मग मेहुण्याला पत्र लिहायचं ठरवलं. पण कारकुनाच्या हाताला एकच पत्र लिहिता येतं. मी लिहिलं: विषय, गाडीच्या सीटमागील पुडक्याबाबत. संदर्भ, आपला दूरध्वनी. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की. हे वाचून माझं मलाच हसू आलं आणि मी ते फाडलं. फाडण्यात मला जरा जास्तच समाधान वाटलं.

तिने मात्र आपलं पत्र लिहिलं. साधं, चार ओळींचं. माझी चूक झाली, दादा. मेहुण्याचा फोन नाताळला आला. जवळजवळ वर्षाने. त्याने तिला विचारलं, "दोरा आहे का गो घरात? नवीन सीटं शिवून घेतोय." ती रडली, हसली आणि त्याच दिवशी जाऊन रिळं घेऊन आली. पांढरी. आणि एक पिवळसर, मुद्दाम शोधून.

आता सगळं जुळलं, मी स्वतःला म्हणालो. बंद झालेली फाइल उघडायची नाही, हे ऑफिसने शिकवलं होतं. भाऊ-बहीण बोलतायत, आणखी काय हवं? पण वही चालूच होती. तिच्या एकामागून एक वह्या भरल्या. फाइल बंद झाली ती माझी. तिची उघडीच होती.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. हॉस्पिटलात एका दुपारी मी संत्रं सोलत होतो. ती म्हणाली, "एक विचारू? ते पुडकं मी कधी ठेवलं, मला अजून आठवत नाही हो. बाकी सगळं आठवतं. लग्नातला बँड आठवतो, तुमचा तो आखूड कोट आठवतो. तेवढंच आठवत नाही. आठवलं असतं तर बरं वाटलं असतं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्या तोंडात पाव नव्हता. नर्स येणार नव्हती. मला कोणतीच सबब नव्हती. मी संत्र्याची फोड तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "जाऊ दे आता ते."

"बरं," ती म्हणाली आणि फोड खाल्ली.

त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. मेहुण्याला प्रवास झेपणारा नव्हता. त्याने फोनवर तिच्या अंत्यविधीची मिस्सा पाहिली आणि मग मला म्हणाला, "तिला मी उगाच बोललो रे. ठेवलं तर ठेवलं, मायेने ठेवलं." मी हो म्हणालो. इथेही मी हो म्हणालो.

हे छापून आलं की पहिली प्रत त्याला पाठवणार आहे. त्याला जे बोलायचं ते बोलू दे, मी ऐकीन. तिला कुठल्या पत्त्यावर पाठवू, ते मला माहीत नाही. तिच्या वह्या माझ्यासमोर आहेत. शेवटच्या वहीत शेवटची काही पानं कोरी आहेत. त्यातल्या पहिल्या पानावर मी आज तिच्याच पद्धतीने, तारीख न घालता, लिहिलं आहे:

अभ्रा तुझा होता. गाठ माझी होती. तू काहीच विसरली नव्हतीस गो. मला माफ कर.